अण्णांनी काढलेला स्पेन

माझ्याकडे बघून लोक आधी विचारतात, "छापील आहे का हा?" नाही. मी हातानं काढलेला नकाशा आहे. स्पेन देशाचा, आणि त्यातही तिथल्या द्राक्षांचा. कुठल्या नदीकाठी कुठली द्राक्षं पिकतात, कुठली माती पांढरी, कुठली काळी, पाऊस कुठे किती, हे सगळं माझ्या अंगावर आहे. पण ज्या हातानं मला काढलं, त्या माणसानं स्पेन कधी पाहिला नाही आणि त्या द्राक्षांच्या वाइनचा थेंबही कधी जिभेवर घेतला नाही.

माझा जन्म ऑकलंडचा. हिल्सबरोमध्ये उतारावरच्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर मी जन्मलो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनुकाऊ बंदराचं पाणी दिसायचं. २००४ सालचा जून होता, म्हणजे तिकडचा ऐन हिवाळा. कागदाला कान नसतात म्हणतात. पण टेबलावर महिनाभर पसरून ठेवलेल्या कागदासमोर सगळं घर बोलतं. माझ्या जन्माआधीचं जे सांगतोय, ते असंच कानावर पडलेलं आहे.

मला काढणारे पांडुरंग अण्णा. सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. वर्गात नकाशाची गुंडाळी आणायला कुणी विसरलं, तर ते फळ्यावर एका दमात आफ्रिका काढत. जानेवारीत त्यांची पत्नी मनोरमाबाई गेल्या. घरात एकटे कसे राहतील म्हणून मे महिन्यात मुलीनं, उत्तरानं, त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर ऑकलंडला आणलं. घरात उत्तरा, तिचा नवरा सुमेध आणि त्यांची सात वर्षांची ओवी. सुमेध संगणकाच्या कंपनीत होता. उत्तराही आधी तिथलंच काम करायची. पण वर्षभरापूर्वी तिनं ते सोडलं होतं.

"आता कुठे असतेस?" असं अण्णांनी फोनवर विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "एका दुकानात. बाहेरच्या देशांतला माल येतो तिथे." अण्णांनी पुढे विचारलं नाही.

ऑकलंडला येऊन तीन आठवडे झाले असतील. अण्णा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. रिकामं बसणं त्यांना जमायचं नाही. बादलीतून उत्तराचा एप्रन निघाला. त्यांनी तो झटकला, दोरीवर टाकला आणि त्यावरचं दुकानाचं नाव वाचलं. खाली द्राक्षाचा घोस आणि उंच पेला शिवलेला होता. मुलगी वाइनच्या दुकानात काम करते, हे अण्णांना असं दोरीवर कळलं.

दुसऱ्या कुठल्या घरी यावर चार शब्द होऊन प्रकरण मिटलं असतं. या घरात मिटणार नव्हतं. उत्तराचा मोठा भाऊ मोरेश्वर, घरातला मोरू, पाच वर्षांपूर्वी दारूनं गेला होता. चौतीस वर्षांचा होता.

अण्णा ओरडले नाहीत. ते बोलायचेच बंद झाले. ताट वाढलं की जेवत, ओवीला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून येत, सुमेधनं क्रिकेटचा विषय काढला की मान हलवत. उत्तराशी मात्र एक अक्षर नाही. असे अकरा दिवस गेले.

त्याच दिवसांत उत्तराच्या डोक्यावर एक काम होतं. जवळच्या कम्युनिटी हॉलमध्ये तिला दर बुधवारी संध्याकाळी वर्ग घ्यायचा होता, सहा आठवडे. 'स्पॅनिश वाइनची ओळख' असं त्याचं नाव. स्वतः शिकवायची ही तिची पहिलीच वेळ. शनिवारी दुपारी तिनं टेबलावर चार्टपेपर पसरला आणि जाड मार्करनं स्पेन काढायला घेतला. पुस्तक उघडं होतं, तरी स्पेन बटाट्यासारखा झाला. त्यात तिनं एक निळी रेघ ओढली, आडवी, डावीकडच्या समुद्रापर्यंत.

अण्णा पाणी प्यायला आले होते. पेला हातात तसाच राहिला.

"नदी उलटी वाहतेय तुझी," ते म्हणाले.

अकरा दिवसांनंतरचं ते पहिलं वाक्य. उत्तरा मार्कर उघडाच धरून बघत राहिली.

"एब्रो पूर्वेकडे जाते. भूमध्य समुद्राला मिळते. तू तिला अटलांटिकमध्ये सोडलीस. पश्चिमेला जाते ती दुएरो."

"पुस्तकात नीट दिसत नाहीये, अण्णा."

"पुस्तकाचं नाव कशाला सांगतेस? ऊठ."

ते टेबलाशी बसले, पण त्या चार्टपेपरला त्यांनी हात लावला नाही. "हा कागद नाही, पतंगाचा ताव आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी सुमेधबरोबर जाऊन त्यांनी जाड, खरखरीत, दुधाळ कागद आणला. तो मी. त्यांनी माझ्यावर आधी हलक्या चौकटी पाडल्या, एका सेंटिमीटरला पंधरा किलोमीटर धरून. मग किनारा उतरवला. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत स्पेनला ताणून वाळत घातलेल्या बैलाच्या कातड्याची उपमा देतात. अण्णांची पेन्सिल त्या कातड्याच्या कडेकडेनं इतकी हळू फिरली की दोन दिवसांनी कुठे मी देश झालो.

पण अट होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ती घातली.

"यावर बाटली नको, पेला नको, पिंप नको. जमीन, पाणी, पाऊस आणि द्राक्ष. द्राक्षाशी माझं भांडण नाही. तासगावचा माणूस आहे मी."

"चालेल," उत्तरा म्हणाली.

"आणि नावं तू सांगायचीस. मी पुस्तकातून घेणार नाही. उच्चार चुकतात."

मला वाटतं, ही दुसरी अट त्यांनी बोलायला कारण हवं म्हणून घातली असावी.

रोज संध्याकाळी पाच वाजता, दुकानातून आल्यावर उत्तरा शेजारी बसायची. ती सांगायची आणि अण्णा रंग भरायचे. आधी उत्तरेतली एब्रो आणि तिच्या काठचा रिओहा प्रांत. तिथली मुख्य द्राक्षं तेम्प्रानियो. काळी, जाड सालीची.

"तेम्प्रानो म्हणजे त्यांच्या भाषेत लवकर. बाकीच्यांच्या आधी पिकतात म्हणून ते नाव."

"म्हणजे हळवी जात," अण्णा म्हणाले.

"हळवी?"

"विसरलीस? लवकर हाताशी येतं ते हळवं पीक. उशिरा येतं ते गरवं." त्यांनी जांभळी पेन्सिल उचलली. थोडा वेळ ती नुसतीच धरली आणि मग रिओहा रंगवला.

तीच जात दुएरो नदीच्या काठी, रिबेरा देल दुएरोमध्ये. पण तिथलं पठार आठशे मीटर उंच. दिवसा ऊन भाजून काढतं आणि रात्री गारठा पडतो, त्यामुळे साल आणखी जाड होते, वाइन गडद होते. तीन महिने कळ सोसलेल्या रोपासारखी, असं उत्तरा म्हणाली, तेव्हा अण्णांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

वायव्येच्या कोपऱ्यात गालिसिया. हिरवा, ओला, समुद्र आत घुसलेला. तिथल्या रीआस बायशासमध्ये आल्बारिन्यो नावाची पांढरी द्राक्षं. पावसानं मुळाशी ओल राहते आणि बुरशी धरते म्हणून वेली दगडी खांबांवर चढवतात.

"मांडव!" अण्णा जवळजवळ ओरडले. "अगं, मांडवच की हा. आपल्याकडे बाभळीचे नाहीतर लोखंडी डांब, यांच्याकडे ग्रॅनाइटचे. आणि छाटणी?"

"वर्षातून एकदा. हिवाळ्यात."

"एकदाच? आपल्याकडे एप्रिलची वेगळी, ऑक्टोबरची वेगळी. यांची वेल झोपते म्हणायची. आपली बिचारी वर्षभर जागीच."

पूर्वेला काताल्युन्यात प्रिओरात. तिथे डोंगरउतारावर काळ्या पाटीच्या दगडाचा चुरा आहे, माती अशी नाहीच. गार्नाचाची मुळं भेगांतून पाण्यासाठी कितीतरी खोल जातात. मध्यावर ला मांचाचं कोरडं पठार. तिथे आइरेनची बुटकी झुडपं एकमेकांपासून लांब लांब लावलेली, कारण जमिनीत दोघांपुरतं पाणी नाही. आग्नेयेला हुमिया, तिथला मोनास्त्रेल, उन्हाला न भिणारा. आणि तळाशी, अगदी दक्षिणेला, हेरेथ. चुनखडीची पांढरी शुभ्र जमीन आणि पालोमिनोची द्राक्षं.

हेरेथशी आल्यावर अण्णांनी अक्षांश मोजले आणि त्यांचा चेहरा शाळेत पहिला तास असल्यासारखा झाला. त्यांनी ओवीला हाक मारली.

"ओवी, आपण बसलोय ना, या टेबलाखाली सरळ भोक पाडत गेलो, पृथ्वीच्या पोटातून आरपार, तर कुठे निघू सांग."

"चायना," ओवी म्हणाली.

"चूक. इथे." त्यांनी हेरेथच्या थोडं पूर्वेला टोक टेकवलं. "आपल्या पायाखाली स्पेन आहे. इथे हिवाळा, तिथे उन्हाळा. इथे दिवस, तिथे रात्र."

"नो वे, आजोबा," ओवी म्हणाली आणि टेबलाखाली वाकून बघून आली.

हेरेथची वाइन मुरवायची रीतही उत्तरानं त्यांना सांगितली. पिंपांच्या ओळी असतात. सगळ्यात जुन्या ओळीतून थोडीच काढायची, रिकामी जागा तिच्याहून नव्या ओळीतून भरायची, तिची त्याहून नवीतून. जुनं पिंप कधी पुरतं रिकामं करायचं नाही. त्यामुळे आजच्या पेल्यात शंभर वर्षांपूर्वीचाही एखादा थेंब असतो.

अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "हे विरजण झालं. तुझी आई भांड्याच्या तळाशी चमचाभर दही ठेवायची. लग्नात तिच्या आईनं दिलेलं विरजण, चाळीस वर्षं मोडलं नाही तिनं." आणि मग, "जानेवारीत मोडलं. माझ्या लक्षातच आलं नाही."

 उत्तरानं त्यांच्यापुढचा खोडरबराचा चुरा हातानं गोळा केला.

वर्ग सुरू झाला तेव्हा मला भिंतीवर लावायला अण्णा स्वतः आले. दुसरं कुणी पिना भलतीकडे टोचेल अशी भीती. मग ते मागच्या खुर्चीवर मफलर गुंडाळून बसले. बारा-तेरा माणसं होती. एक निवृत्त नर्स होत्या, ग्लेनिस नावाच्या, सत्तरीच्या. त्या आल्या आल्या अण्णांना माओरी भाषेत नमस्काराचं "किया ओरा" म्हणाल्या आणि अण्णांनी हात जोडले. त्या दिवशी अण्णांनी एक गोष्ट पाहिली आणि ते चकितच झाले. उत्तरानं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि शेजारच्या बादलीत थुंकून टाकला. मग दुसरा, तोही थुंकला.

घरी जाताना गाडीत मी मागच्या सीटवर गुंडाळलेला होतो.

"थुंकतेस?" अण्णांनी विचारलं.

"चव बघायची असते, अण्णा. प्यायची नसते."

"मग हे कशासाठी करतेस?"

सिग्नल लागला होता. उत्तरा समोर बघत म्हणाली, "दादाला ज्यानं नेलं, ते काय आहे हे मला बघायचं होतं. त्याच्यापासून लांब पळून मला झोप लागत नव्हती."

 घरी गेल्यावर अण्णांनी मला कपाटावर न टाकता टेबलावर नीट पसरून ठेवलं.

तिसऱ्या बुधवारी कुणीतरी विचारलं, द्राक्ष तेच तर रिओहाची वाइन आणि रिबेराची वाइन वेगळी कशी? उत्तरा शब्द शोधत होती. मागून अण्णा उठले आणि शाळेतल्या ठणठणीत इंग्रजीत उंची, ऊन आणि नदीचं खोरं असं समजावू लागले. हातात छडीऐवजी पेन्सिल. दहा मिनिटं सगळे त्यांच्याकडे बघत होते. पुढच्या बुधवारी त्यांची खुर्ची माझ्याशेजारी आली. ते जमीन सांगत, उत्तरा चव सांगे. मी आयुष्यात इतका ताठ कधी लटकलो नव्हतो.

शेवटच्या बुधवारी हेरेथ होतं. उत्तरानं विरजणाची गोष्ट सांगितली. दह्याचं ऐकून लोक हसले आणि मग हळूच गप्प झाले. वर्ग संपताना ग्लेनिस एक छोटा पेला घेऊन अण्णांकडे आल्या. तळाशी सोनेरी, दोन चमचे असेल. एक घोट तरी घ्या, इतकं शिकवलंत, तुमच्या वाटणीचं आहे हे, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

अण्णा उभे राहिले. त्यांनी मान लववली आणि म्हणाले, "थँक यू, मॅडम. माझ्या वाटणीची माझा मुलगा पिऊन गेला."

मागे एकजण विनोद समजून हसायला लागला होता, तो मध्येच थांबला. ग्लेनिसनी पेला खाली ठेवला आणि अण्णांच्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघावी तसा. उत्तरा बाटलीचं बूच हातात घेऊन उभी होती. पाच वर्षांत अण्णांनी 'माझा मुलगा' हे शब्द उच्चारलेले तिनं ऐकले नव्हते.

सगळे गेल्यावर ते दोघं मला भिंतीवरून उतरवत होते. वरच्या दोन पिना निघाल्या. मी अर्धा अण्णांच्या हातात, अर्धा भिंतीवर. आणि अण्णा बोलायला लागले. भिंतीकडेच तोंड करून.

"मोरू दुपारी आला होता, उत्तरा. जेवायच्या वेळेला. पाय लटपटत होते त्याचे. मी म्हटलं, प्यालायस, शुद्धीवर आलास की ये. आणि दार लावलं. तुझी आई आतून म्हणत होती, अहो, त्याचे डोळे बघा, त्याला बरं नाहीये. मी कडी सोडली नाही. तो पायरीवर थोडा वेळ बसला आणि गेला. चौथ्या दिवशी मिरजेच्या दवाखान्यातून निरोप आला, गेला म्हणून. तिथल्या डॉक्टरनं मला सांगितलं, यानं वीस दिवस दारूला हात लावलेला नाही. यकृतच संपलं होतं. तो प्याला नव्हता, उत्तरा. त्या दिवशी तो प्याला नव्हता."

हॉलच्या छताला हीटर लागला होता, त्याचा घूं असा आवाज येत होता. 

"मला माहीत आहे, अण्णा," उत्तरा म्हणाली.

ते वळले. "कुणी सांगितलं?"

"आईनं. तेव्हाच, फोनवर."

"पाच वर्षं तुला माहीत होतं? मग बोलली नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. आधी रागानं थांबले. मग राग गेला, तरी थांबायची सवय राहिली."

अण्णांच्या हाताची पकड सुटली. मी जमिनीवर आलो, एक कोपरा दुमडला. तो अजून दुमडलेलाच आहे. पण दोघांपैकी कुणी माझ्याकडे बघितलं नाही. उत्तरानं त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. बापलेक खूप रडले. मोरूसाठी ते एकत्र रडले ते त्या हॉलमध्ये, पहिल्यांदा.

त्यानंतरचे दिवस माझे सुखाचे. अण्णा नोव्हेंबरात परत गेले, २००६ मध्ये पुन्हा आले. उत्तराचे वर्ग वाढले आणि मी ऑकलंडभर हिंडलो. अण्णा आले की माझ्यावर काहीतरी नवीन चढायचं, कधी रुएदाची वेर्देखो द्राक्षं, कधी पेनेदेसमधली, कावा नावाच्या फेसाळ वाइनची द्राक्षं. रविवारी सगळे गाडी काढून सँडरिंगहॅमला वाणसामान आणायला जात, आणि अण्णा दुकानातली द्राक्षं उचलून म्हणत, "चिलीची आहेत. साल बघ, प्रवासानं दमलीये."

आणि एक बेत ठरला. चौतीस वर्षं जगाचा भूगोल शिकवलेल्या माणसानं जगातली दोनच ठिकाणं पाहिली होती, तासगावचा मुलूख आणि ऑकलंड. उत्तरा म्हणाली, तुम्हाला एब्रो दाखवते. सप्टेंबरात, तोडणीच्या वेळी. ते २००७ साल होतं. पण त्याच महिन्यात तिची वाइनच्या अभ्यासक्रमाची मोठी परीक्षा आली.

"अण्णा, पुढच्या वर्षी नक्की जाऊ."

"नदी काही आटत नाही तोवर," अण्णा हसून म्हणाले.

२००८ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा आले. तिकिटं निघाली, तारीख चौदा सप्टेंबर. अण्णांनी चालायचे नवे बूट घेतले आणि ते मुरावेत म्हणून रोज घरातल्या घरात घालून फिरायचे. ऑगस्टमध्ये एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. त्यांनी खाली वाकून बघितलं, काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं.

लकव्यानं उजवं अंग गेलं. त्याहून मोठं गेलं ते त्यांचं बोलणं. समजायचं थोडंफार, बोलता येईना. तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा तोंडातून एकच शब्द निघायचा. पाणी हवं असलं तरी तोच, खिडकी लावायची असली तरी तोच.

"मोरू."

बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येत. त्या म्हणाल्या, यांच्या ओळखीच्या, आवडीच्या वस्तू समोर ठेवा. उत्तरानं मला त्यांच्या पलंगासमोर लावलं. अण्णांनी मला ओळखलं. डोळ्यांत दिसलंच ते. डाव्या हाताचं बोट त्यांनी एब्रोच्या उगमावर ठेवलं आणि डोंगरातून खाली, वळणं न चुकवता, भूमध्य समुद्रापर्यंत नेलं. बोट बरोबर गेलं, एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही.

"हो अण्णा. काय नाव हिचं?" उत्तरानं विचारलं.

त्यांचा जबडा हलला. कपाळावर घाम आला. "मोरू," ते म्हणाले.

मग दुएरो. "मोरू." रिओहा. "मोरू." हेरेथच्या पांढऱ्या मातीवर बोट ठेवून, "मोरू." आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळत होतं. प्रत्येक वेळी ते मान हलवत, नाही, नाही, आणि पुन्हा तेच तोंडातून येई. माझ्यावर साठ नावं लिहिलेली आहेत, त्यांच्याच अक्षरात. त्या दिवशी मी सगळा एकाच नावाचा झालो. उत्तरा उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिनं नळ मोठा सोडला.

चौदा सप्टेंबर आला आणि गेला.  बूट दाराशी होते; सुमेधनं ते उचलून आत ठेवले.

जानेवारीतली एक दुपार. उन्हाळा होता, ओवी जँडल्स, म्हणजे तिथल्या रबरी चपला, घालून अंगणात पाण्यात खेळत होती. उत्तरानं माझा दुमडलेला कोपरा सपाट करायला मला पलंगावरच्या पाटावर पसरलं होतं. अण्णांनी डाव्या हातानं पेन्सिल उचलली. उत्तरा त्यांना थांबवणार होती. मग तिनं हात मागे घेतला.

गालिसियाच्या किनाऱ्यावरून त्यांनी सुरुवात केली आणि रेघ समुद्रात ओढली. वाकडीतिकडी, थरथरत, मध्येच थांबत. अटलांटिक ओलांडत ती माझ्या कडेपर्यंत आली आणि कागद संपला तिथे पाटावर उतरली. अण्णा पाटावरही ओढतच राहिले. मग त्यांनी पेन्सिल ठेवली, उत्तराकडे बघितलं आणि काहीतरी उत्तर मिळेल म्हणून वाट बघितली.

"काय आहे अण्णा? नदी? रस्ता? विमान?"

ते काही बोलले नाहीत. तो एक शब्दही नाही.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला सकाळी ते झोपेतच गेले. मांगेरेच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. ग्लेनिस काठी टेकत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, तो नकाशा कुठे आहे?  उत्तरानं मला तिच्या कपाटाच्या मागे सरकवलं होतं; मला बघणं तिला सोसत नव्हतं.

त्यानंतर तिनं वर्ग घेतला नाही. दुकानही सोडलं. लोकांनी बोलावलं, ती म्हणाली, "जमीन सांगणारा माणूस नाही आता." सुमेधला हॅमिल्टनला नोकरी लागली आणि वर्षाअखेरीला सगळे तिथल्या रोटोटुना भागातल्या नव्या घरी आले. पेट्या उघडताना मी निघालो. ओवीनं मला जमिनीवर पसरलं आणि किती वेळ ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. मग आईला म्हणाली, "आई, ह्याला फ्रेम कर ना." तिनं हे मराठीत म्हटलं म्हणून असेल, किंवा वेळ आली होती म्हणून असेल, उत्तरानं मला उचललं आणि गावातल्या फ्रेमच्या दुकानात नेलं.

फ्रेमवाल्यानं मला दिव्याखाली धरलं. काम फार सुंदर आहे म्हणाला. मग त्याचं बोट समुद्रावर थांबलं.

"ही इथली ओढलेली रेघ मात्र नकाशाची दिसत नाही. कुणा लहान मुलानं काढली का? खोडरबरानं जाईल. काढू?"

"नको," उत्तरा म्हणाली.

"काय आहे ते?"

"मला माहीत नाही. पण ती नकाशातलीच आहे."

"स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे ठीक आहे, आणि चिठ्ठीवर लिहून घेतलं, काही पुसू नये.

आता मी जिन्याजवळच्या भिंतीवर काचेमागे असतो. सकाळी थोडं ऊन येतं, त्यानं ला मांचाचा पिवळा रंग उडायला लागलाय. पाहुणे येतात, माझ्यापुढे उभे राहून तेम्प्रानियो, आल्बारिन्यो अशी नावं मोठ्यानं वाचतात, आणि मग कुणीतरी त्या रेघेबद्दल विचारतंच. उत्तरा दर वेळी खरं तेच सांगते, माहीत नाही म्हणून. लोक माझ्याकडे बघतात, जणू मला ठाऊक असावं. मलाही ठाऊक नाही. माझ्या अंगावरचं सगळं मला वाचता येतं, तेवढं सोडून.

तुमच्या घरातही कुणी असं काही मागे ठेवून गेलं असेल, ज्याचा अर्थ लागत नाही. ते टाकू नका, एवढंच सांगायला मी इतका बोललो. माझी पेन्सिल एक दिवस उडेल. एब्रो जाईल, दुएरो जाईल, साठच्या साठ नावं जातील. पण त्या दुपारी अण्णांनी डाव्या हाताचा सगळा जोर लावला होता, इतका की कागदात चर पडलाय. तेव्हा कुणी काच काढली तर डोळ्यांनी शोधू नका. बोट फिरवा, लागेल.